नववा प्रश्न

“…कधीच नाही, कधी कधी, बरेचदा, की नेहमी? यातलं एकच सांगायचं, बाबा.”

फकीर चुलीत काटकी सारत होता. म्हणाला, “पुन्हा वाच.”

साहेबानं पुन्हा वाचलं. “गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला एकटं वाटलं का? कधीच नाही, कधी कधी, बरेचदा, की नेहमी?”

“आणखी एकदा.”

साहेबानं तिसऱ्यांदा वाचलं. काना इकडचा तिकडं नाही, आवाज वर नाही की खाली नाही.

“वा रे साहेबा!” फकीर म्हणाला. “एक पोपट पाळला होता मी. तोसुद्धा एवढं नेमकं बोलत नव्हता. मधूनच शिवी द्यायचा.”

साहेब हसला नाही. कागद हातात असताना हसायचं नाही, हा त्याचाच नियम होता.

आता हा साहेब कोण, तर यशोधन हरताळकर. इतका शिकलेला, की नावापुढची अक्षरं नावापेक्षा लांब. देशातल्या तरण्या पोरापोरींच्या मनात काय चाललंय ते विचारायचं, असं मोठं काम त्याच्याकडं आलं होतं. त्यासाठी प्रश्नांचा एक कागद घडवायचा, आधी चार गावांत चालवून बघायचा, आणि नीट निघाला की मग साऱ्या देशात तोच.

कागद त्यानं घडवला होता सोनारानं नथ घडवावी तसा. शब्द न् शब्द तोलून. त्यातला नववा प्रश्न त्याचा फार लाडका. आणि लाडकं लेकरू पाहुण्यांसमोर रुसतं, तसा नेमका तोच रुसून बसला होता.

चारही गावांत पोरं म्हणाली, कधीच नाही. एकजात सगळी.

वरचे लोक म्हणाले, कुणालाच एकटं वाटत नाही तर काढून टाका तो प्रश्न. कागद तेवढाच आखूड होईल.

साहेबाला ते सोसेना. तेवढ्यात गावात कुणी सांगितलं, की घरात तोंड न उघडणारी पोरं संध्याकाळी लतीफबाबा फकिराच्या तकियावर, म्हणजे त्याच्या मुक्कामाच्या जागी, जाऊन बसतात आणि तिथं घडाघडा बोलतात. साहेबानं जीप तिकडं वळवली.

तकिया तरी कसला… एक जुनी कबर, एक कडुनिंब, तीन दगडांची चूल. फळीवर पालथे घातलेले कप, एकाचं दुसऱ्याशी नातं नाही. चुलीवर हे एवढं पातेलं, आणि राहणारा माणूस एकटा.

“तुम्ही त्या पोरांना काय विचारता?” साहेबानं टेकायच्या आधीच विचारलं होतं.

“मी कशाला काय विचारू? तू काय विचारतोस ते तर ऐकव.” म्हणून तर साहेबानं कागद काढला होता.

“बरं, पोरांना गाठलंस कुठं?” फकीर आता म्हणाला.

“एकेकाला बाजूला घेतलं. आईबाप जवळ नकोत, मित्र नकोत, दार लोटलेलं. त्याशिवाय पोरं खरं सांगत नाहीत.”

“म्हणजे चारचौघांतून उठवून एकटं नेऊन बसवलंस…”

“हो.”

“…आणि विचारलंस, एकटं वाटतं का?”

फकीर जो हसत सुटला, तो ठसका लागेपर्यंत. डोळे पुसत म्हणाला, “माफ कर हां. तू हसत नाहीस, म्हणून तुझ्या वाटचंही मीच हसलो.”

साहेबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं खिशातून फोन काढला. फोनवर एक अंगठा आला होता, नुसता उभा अंगठा. तो त्यानं सकाळपासून कितीदा तरी बघितला होता. आताही बघितला आणि फोन परत खिशात घातला.

“हसण्यावारी नेऊ नका, बाबा. यामागं शास्त्र आहे. विचारणाऱ्यानं हसायचं नाही, हळहळायचं नाही, मान डोलवायची नाही. समोरचा काहीही सांगो, आपला चेहरा पुसलेल्या पाटीसारखा. आपला चेहरा हलला, की त्याचं उत्तर हलतं.”

“बरं.”

“आणि ‘नाही’ आलं, की त्याच्याखालचे प्रश्न सोडून द्यायचे. थेट चौदाव्यावर जायचं. उगाच खोदत बसायचं नाही.”

“बरं, बरं. चाल कळली मला.”

फकिरानं काटकी खाली ठेवली. हात धोतराला पुसले, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंडावरून एकदा तळहात फिरवला. हात खाली आला, तेव्हा मघाचं सगळं हसू त्यानं पुसून नेलं होतं.

“आता मी विचारतो. तू सांग. चहा घेणार? हो की नाही?”

भला माणूस पहिल्या खेपेला नकोच म्हणतो. मग आत जीव चहा चहा करत का असेना.

“नको, राहू द्या. तुम्हाला कशाला उगाच…”

“हो की नाही?”

“…नाही.”

“साखर किती, दूध चालतं का, सोबत खारी देऊ का, सगळे प्रश्न सुटले.”

फकिरानं पातेलं उतरवलं. एक कप सुलटा केला, भरला, आणि फुर्र फुर्र करत आपणच प्याला. आल्याचा वास साहेबाच्या नाकापर्यंत आला, आणि आमंत्रण नसलेल्या माणसासारखा तिथूनच परत फिरला.

थट्टा चालली आहे हे साहेबाला कळत होतं. पण थट्टा करणाऱ्याच्या तोंडावर थट्टा दिसत नव्हती.

“रात्री जेवताना सोबत कोण? बायको, पोरं, दोस्त, की कुणी नाही?”

“कुणी नाही. म्हणजे सध्या दौरा चालू आहे, रेस्ट हाउसवर ताट खोलीतच येतं, त्यामुळं—”

“‘त्यामुळं’ असं उत्तर नाही यात. कुणी नाही. दौरा नसतो तेव्हा?”

“मुलगा असतो घरात. पण तो त्याच्या खोलीत जेवतो, आणि मी… मी टीव्हीपुढं.”

“कुणी नाही. पुढचा प्रश्न. पोराची आई?”

“ती गेली. दोन वर्षं झाली.”

“पुढचा प्रश्न.”

निंबावर एक होला घुमत होता. तो घुमतच राहिला.

साहेबानं वर पाहिलं. समोर पाटी. भुवई हलली नव्हती की पापणी लवली नव्हती.

“बाबा, माझी बायको गेली म्हणालो मी.”

“ऐकलं. पुढचा प्रश्न.”

विहिरीत घागर सोडावी, दोर हातातून निसटावा, आणि पाण्याचा आवाजच येऊ नये… तसं काहीतरी झालं साहेबाला. घागर जात होती आणि जातच होती. खाली पाणी आहे की नाही, तेही कळेना.

चुलीतली काटकी जळून निखाऱ्यात पडली.

“सगळी पोरं ‘कधीच नाही’ म्हणाली?” फकिरानं विचारलं.

“सगळी.”

“एकूण एक?”

“…एक सोडून.”

“तो काय म्हणाला?”

“तो धरलेला नाही, बाबा. मोजणीत येत नाही तो.”

“का?”

“घरचा होता.”

फकिरानं चुलीत दुसरी काटकी सारली, आणि पातेलं हळूच परत विस्तवावर ठेवलं.

न विचारता साहेबच सांगू लागला. “गावात न्यायच्या आधी कागद घरी वाचून बघतो आम्ही. वेळ किती लागतो, जीभ कुठं अडखळते… मी माझ्या मुलाला बसवलं. कौस्तुभला. कॉलेजात आहे. म्हटलं, जरा मदत कर रे. बसला बिचारा. भराभर उत्तरं देत गेला. नवव्याला मात्र…”

“नवव्याला?”

“‘नेहमी’ म्हणाला.”

“मग तू काय केलंस?”

साहेबानं मांडीवरचे कागद सारखे केले. ते सारखेच होते.

“पुढचा प्रश्न विचारला.”

…

“त्यानं वर बघितलं होतं माझ्याकडं,” साहेब म्हणाला. “आत्ता मी तुमच्याकडं बघितलं ना, तसं. अगदी तसंच. आणि माझा चेहरा… माझा चेहरा फार चांगला तयार झालेला आहे, बाबा. मी स्वतः शिकवतो तो सगळ्यांना. शेवटी त्याला म्हटलं, थँक यू, सतरा मिनिटं लागली. तो म्हणाला, ठीक. आणि उठून खोलीत गेला. दार लावून घेतलं.”

“हं.”

“घरचं उत्तर धरायचं नसतं. नियमच आहे तसा.” पण तो नियम आता त्याच्या तोंडात पडायला आलेल्या दातासारखा हलत होता.

“मग?”

“मग दुसऱ्या दिवशी मी दौऱ्यावर निघालो. रोज फोन करतो. काय चाललंय विचारतो, तो ठीक म्हणतो. अजून थोडं बोलू या का म्हटलं, की म्हणतो, नको. नको म्हटल्यावर मी ठेवून देतो. काल तर उचललाच नाही. आज सकाळी हे…”

त्यानं फोन पुढं केला. फकिरानं अंगठा पाहिला. मग स्वतःचा अंगठा वर करून त्याच्याकडं बघितलं, उलटसुलट करून बघितलं, जणू यात एवढं मावतं कसं ते शोधत होता.

देशाच्या पोरांना प्रश्न विचारायला निघालेला माणूस, आणि आता त्याला स्वतःच्या पोराचा आवाज आठवून बघावा लागत होता.

ऊन कबरीवरून उतरून निंबाच्या बुडाशी आलं होतं. थोड्या वेळानं पोरं यायची वेळ होणार होती.

साहेब उठला. कागद पिशवीत कोंबले, घड्या मोडल्या तरी बघितलं नाही. “उद्याचं काम राहू दे. आत्ता निघतो मी घरी.” चपला घालता घालता तो थांबला. एक चप्पल पायात, एक बाहेर.

“पण बाबा… मी त्याच्यापुढं जाऊन बसलो, तर विचारू काय? कसं विचारू? शब्द तरी कुठले घेऊ?”

फकिरानं फळीवरचा दुसरा कप सुलटा केला. पातेलं उचललं आणि ओतलं. कप काठोकाठ भरला. चहा उकळून उकळून काळा झाला होता, पण होता.

साहेब कपाकडं बघत राहिला. “मी तर… नाही म्हणालो होतो.”

फकिरानं कप त्याच्या हातात दिला. आता त्याच्या तोंडावर पाटी नव्हती.

“चहा घेणार का, एवढंच विचार. नको म्हणाला, तरी आधण दोघांचं ठेव.”