जर्दाळूच्या काड्या

फार फार मागची गोष्ट. तेव्हा वाटा पायांनीच मोजाव्या लागत.

दूर डोंगरांतल्या एका खोऱ्यात जर्दाळूची झाडं होती. एका वर्षी हिमाने त्यांच्या फांद्या मारल्या, खोडं तेवढी जिवंत राहिली. खोऱ्याला दुसरं पीक नव्हतं. म्हणून गावाने एका तरुणीला खेचर देऊन राजधानीच्या बागेतून कलमाच्या काड्या आणायला धाडलं.

बागेतल्या म्हाताऱ्या माळ्याने ओल्या शेवाळात काड्या बांधून दिल्या. म्हणाला, "खोडांना पालवी फुटायच्या आत पोच, पोरी. पण रोज दुपारी सावलीत थांबून गाठोडं सोडायचं. वारा लागू द्यायचा, मग पाणी शिंपडायचं. चुकवू नकोस हं."

घुमटांचं शहर गेलं, पडक्या तटबंदीचं शहर गेलं. तोवर ती रोज थांबत होती. तिसऱ्या शहराच्या वेशीवर कुणीतरी म्हणालं, "यंदा थंडी लवकर सरली बुवा!" म्हणजे खोडांना पालवीही लवकर फुटणार!

त्या दिवसापासून ती थांबेना. चालता चालता वरूनच गाठोड्यावर तांब्याभर पाणी ओतायची.

खेचर म्हणालं, "ताई, दुपार झाली."

"तुला बसायला निमित्तच हवं!"

"हवंच आहे. पण गाठोड्याला वास येतोय."

"तो तुझाच असेल. चल मुकाट्यानं."

मग घाट, दरी, पुन्हा घाट. टाचा फुटल्या. शेवटी शेवटी तर ती चालता चालताच पेंगायची. शहरं कुठली लागली, नद्या किती ओलांडल्या, तिला सांगता आलं नसतं.

ती पोचली तेव्हा खोडांना अजून पालवी फुटली नव्हती. "वेळेवर आली गं बाई!" म्हणत सारं गाव धावलं. कलम बांधणारी म्हातारी चाकू परजून बसली. तिने गाठोडं सोडलं. आत सगळं काळं, बुळबुळीत. काडीला हात लावला की साल हातात येई.

म्हातारीने चाकू पुसला, मिटला. "तू पोचलीस गं. काड्या वाटेतच गेल्या."

त्या साली खोऱ्यात एकही कलम झालं नाही, फळं आणखी लांबली. निम्मी घरं कुलूप लावून परमुलखात मजुरीला गेली. आणि ती तरुणी, टाचा भरून यायच्या आत, पुन्हा राजधानीची वाट चालू लागली.

तात्पर्य: जे जिवंत पोचवायचं आहे, त्याच्यासाठी थांबणं म्हणजे उशीर नव्हे.