शिंप्याचा बेत

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा कुणी यात्रेहून परत आलं की गाव वेशीवरच त्याचे पाय धुवायचं, कारण त्या पायांना देवाच्या दारची धूळ लागलेली असायची. मुलांनो, आणि मुलांच्या मागे भिंतीला टेकून झोपेचं सोंग घेतलेल्या मोठ्यांनो, अशाच एका गावात एक शिंपी राहत होता.

शिंपी कामाला पक्का. एकदा माप घेऊन त्याचं समाधान होत नसे, तीनतीनदा घेई. मग कापड अंथरून त्याच्याकडे नुसता बघत बसे. कापड कापण्याआधी ते मापून आखायचं, याला शिंपी लोक बेतणं म्हणतात. "आधी बेतावं, मग कापावं. कापलेलं कापड पुन्हा जुळत नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. ते खरंही होतं. त्यानं शिवलेली बंडी अंगात घातली की ती अंगाबरोबरच वाढली असावी असं वाटे. पण जगातली झाडून सगळी कामं अशीच बेतता येतात, असा त्याचा समज झाला होता, आणि घोडं तिथंच पेंड खात होतं.

घरात शिंपी, त्याची बायको आणि आक्का. आक्का ही शिंप्याची थोरली बहीण. शिंपी रांगत होता तेव्हा आई गेली. आक्काचा संसार लवकर मोडला, ती माहेरी परतली, आणि तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं. त्याला देवी आल्या तेव्हा त्याच्या उशाशी तीच बसून होती. त्या आजाराचे व्रण शिंप्याच्या गालांवर अजून होते.

आक्काची दोन कामं ठरलेली. सकाळी भावाच्या सगळ्या सुयांत दोरा ओवून ठेवायचा आणि दुपारी कापूस घेऊन फुलवाती वळायच्या. वाती वळून झाल्या की गाडग्यात, गाडगं भरलं की माळ्यावर.

एक दिवस वाती वळता वळता ती म्हणाली, "अरे, मला तुला घेऊन उत्तरेच्या त्या देवाला जायचंय."

उत्तरेला, दोन मोठ्या नद्या ओलांडून गेलं की एक पुण्यनगरी होती. शेकडो पायऱ्यांचा घाट आणि घाटावर देवाचं राऊळ. शिंपी ताडकन उठला. "जाऊ की! आक्का, तू माझ्यासाठी एवढं केलंस. तुला नेईन तर अशा दिवशी नेईन, की जन्मभर नाव काढशील. जरा बेत तर करू दे."

आक्का काहीतरी बोलणार होती. पण शिंपी तोवर शेजारी चौकशीला गेलासुद्धा.

तेव्हापासून यात्रेहून कुणीही परतलं की शिंपी त्याचे पाय धुवायला सगळ्यांच्या पुढे. पाय धुता धुता विचारी, "कधी गेला होतात? काय होतं? कसं होतं?"

एक म्हणाला, "चैत्रात जावं. देव रथात बसतो. पण ऊन असं, की रस्त्यावर पाय ठेववत नाही." शिंप्यानं चैत्र खोडला. दुसरा म्हणाला, "श्रावणात देवाला झोपाळ्यात बसवतात, डोळ्यांचं पारणं फिटतं. पण नदीला पूर, आम्ही चार दिवस काठावर अडकलो." शिंप्यानं श्रावण खोडला. तिसऱ्यानं फाल्गुनातल्या देवाच्या लग्नाचं वर्णन केलं. पण त्या वरातीत एवढी रेटारेटी, की त्याची पगडी एका दिशेला गेली आणि तो दुसऱ्या. आक्काला एवढ्या गर्दीत कसं न्यायचं? फाल्गुनही गेला.

शिंप्याची बायको तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "अहो, जत्रेला निघालाय की जत्रा अंगावर शिवून घेताय? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! वन्संना घ्या आणि सुटा."

"आधी शिदोरी, मग जेजुरी," शिंपी म्हणे.

आक्का हसे. "अरे, देव काय सणाच्या दिवशीच घरी असतो? एरवी गावाला जातो का?"

"तसं नाही गं. पण जायचं तर नीट जाऊ."

असं करता करता वर्षं गेली. एका सकाळी आक्का दोरा ओवायला बसली तेव्हा तो सुईच्या नाकाशेजारून गेला. पुन्हा ओवला, पुन्हा शेजारून. शिंप्यानं सुई हातात घेऊन पाहिली. "लोहारानं नाकच बारीक ठेवलंय," असं म्हणत त्यानं स्वतः ओवली. पुढच्या खेपेला त्यानं मोठ्या नाकाच्या सुया आणल्या. काही दिवस त्यांत दोरा गेला, मग त्यांतही जाईना. तेव्हा शिंपी म्हणाला, "आक्का, राहू दे. तू वाती वळ." वाती वळायला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात. आक्का वाती वळत राहिली. शेजारणी दारात आल्या तर ती आधी आवाज ऐके आणि मग नाव घेई.

हे शिंप्याला दिसत नव्हतं असं नाही. उलट त्याचा जीव कासावीस होई. पण जितका जीव कासावीस, तितका त्याचा हट्ट वाढे. आता तर एकच फेरी होणार, मग ती सर्वांत उत्तम दिवशीच व्हायला हवी. दुसऱ्यांदा काही जाणं नाही. माणूस प्रेमानंही चुकतो, मुलांनो, आणि तेव्हा त्याला समजावणं फार अवघड असतं.

एका उन्हाळ्यात उत्तरेकडचा एक बैरागी झोळी शिवून घ्यायला शिंप्याच्या दारी आला. शिंप्यानं झोळी हातात घेतली आणि आधी नेहमीचा प्रश्न विचारला.

बैरागी म्हणाला, "अरे, खरा दिवस तुला कुणी सांगितलाच नाही! दिव्यांची पंचमी. मार्गशीर्षातली वद्य पंचमी. त्या संध्याकाळी घाटाची एक पायरी अंधारात राहत नाही. ज्याला काही दिसत नाही त्यालाही उजेड दिसतो, असं आमच्याकडे म्हणतात. ऊन नाही, पूर नाही, आणि घाट एवढा लांब, की गर्दी वाटत नाही."

शिंप्याच्या हातातली झोळी खाली पडली. इतकी वर्षं शोधलेलं माप अखेर सापडलं! त्यानं झोळी फुकट शिवून दिली, वर आतून दुहेरी अस्तरही लावलं.

मग बेत झाला. दिवाळी झाली, भाऊबीजेला आक्कानं भावाला ओवाळलं. ओवाळताना तबक थोडं बाजूला गेलं, तेव्हा शिंपी स्वतःच सरकून दिव्यासमोर आला. दुसऱ्याच दिवशी व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर त्याची बैलगाडी निघाली. बायकोनं दशम्या, चटण्या आणि तुपाचा डबा दिला. आक्कानं माळ्यावरची सगळी गाडगी गाडीत चढवायला लावली.

"एवढ्या वाती कशाला?" शिंप्यानं विचारलं.

"असू देत. लागतील," आक्का म्हणाली. शिंपी बैल जुंपण्यात गुंतला होता, त्यानं पुढे काही विचारलं नाही.

वाट लांबची होती. पहिली नदी ओलांडली, आणि थोड्या दिवसांनी समोरून माणसांचे थवेच्या थवे येऊ लागले. कपाळांना गंध, हातात रिकाम्या पणत्या, तोंडानं देवाचं नाव. शिंपी गाडीतून त्यांच्याकडे बघून हळहळे. "बिचारे! पंचमीला इतके दिवस आहेत आणि हे आधीच जाऊन आले. बेत करत नाहीत ना माणसं." आक्का पावलांचे आवाज ऐकत होती.

बरोबर मार्गशीर्ष वद्य पंचमीला, दिवेलागणीच्या थोडं आधी, त्यांची गाडी पुण्यनगरीच्या घाटाशी थांबली. शिंप्यानं आक्काचा हात धरून तिला उतरवलं आणि समोर पाहिलं.

घाट रिकामा होता. पायऱ्यांवर तेलाचे जुने डाग होते. दोन बायका कपडे धूत होत्या. एक कुत्रं देवळाच्या दाराशी अंगाचं वेटोळं करून निजलं होतं.

"आलो का रे?" आक्कानं विचारलं.

"आलो."

"मग एवढी शांत कशी जत्रा?"

शिंप्याच्या मनात एकदा आलं, सरळ सांगून टाकावं की दिवे लागलेत, लाखो दिवे, तिला कुठं कळणार आहे. पण खोटं बोलायला त्याची जीभ वळेना. तेवढ्यात देवळातून म्हातारे पुजारी बाहेर आले. शिंप्यानं धावत जाऊन त्यांचे पाय धरले. "महाराज, आज मार्गशीर्ष वद्य पंचमी. दिवे कुठं आहेत?"

पुजाऱ्यांनी त्याचं बोलणं ऐकलं, पागोटं पाहिलं आणि त्यांना उलगडा झाला. "तू दक्षिणेचा. बाबा, तुमच्याकडे महिना अमावास्येला संपतो, आमच्याकडे पौर्णिमेला. म्हणून आमचा वद्य पक्ष महिन्याच्या आरंभी येतो आणि तुमचा शेवटी. आमची मार्गशीर्ष वद्य पंचमी म्हणजे तुमच्या कार्तिकातली वद्य पंचमी. दिव्यांची पंचमी होऊन महिना झाला."

"म्हणजे कापड एकच, पण गज वेगळे," शिंपी पुटपुटला. साऱ्या गावाची मापं घेणारा तो, आणि नेमका गजच विचारायचा राहून गेला होता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. वाटेत भेटलेले बिचारे वेळेवर येऊन गेले होते. तो तिथंच पायरीवर बसला आणि डोकं धरून रडू लागला. "आक्का, माझं चुकलं. सण निघून गेला. तुला दिवे दाखवायचे होते गं, ते राहिले."

आक्का चाचपडत त्याच्याशेजारी बसली. "कसला सण? सण कुणाला हवा होता?"

"मग तुला इथं कशाला यायचं होतं?"

इतक्या वर्षांत त्यानं हा प्रश्न पहिल्यांदा विचारला.

"तुला देवी आल्या होत्या तेव्हा वैद्यांनी हात टेकले," आक्का म्हणाली. "मी या देवाला बोलले, याला वाचव. तुझ्या दारात लाख वाती लावीन, आणि त्या उजेडात याचं तोंड तुलाही दाखवीन, मीही डोळे भरून बघेन. आई सांगायची, नवस फिटेपर्यंत आपणहून बोलू नये. पण तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं रे."

शिंप्यानं पुजाऱ्यांकडे पाहिलं. "महाराज, लाख वातींना तिथी कोणती लागते?"

"कसली तिथी?" पुजारी म्हणाले. "देवाचं दार लागतं आणि तूप लागतं. वर्षातला कुठलाही दिवस चालतो."

कुठलाही दिवस. म्हणजे चैत्रातलाही चालला असता आणि श्रावणातलाही. गेल्या वर्षीचा चालला असता, आणि त्याच्याही आधीचा. शिंप्याला आता ती प्रत्येक सुई आठवली, जिच्या नाकाला त्यानं बारीक म्हणून नावं ठेवली होती.

पुजाऱ्यांनी देवळातली मोठी परात आणली. धुणं सोडून त्या दोघी बायका गाडगी उतरवायला आल्या. वाती तुपात भिजवून परातीत रचल्या. आक्कानं हात जोडले आणि शिंप्यानं वात पेटवली. बघता बघता सगळी परात पेटली, देवळाचा उंबरा लख्ख झाला, आतली मूर्ती उजळली आणि आक्काच्या चेहऱ्यावर तांबूस प्रकाश पडला.

"दिसला!" आक्का म्हणाली. "उजेड दिसला रे! केवढा आहे!" मग ती इकडेतिकडे वळली. "तू कुठं आहेस?"

"हा काय, तुझ्यासमोर." शिंपी गुडघ्यांवर बसला आणि त्यानं आपलं तोंड तिच्या अगदी जवळ नेलं.

आक्का खूप वेळ बघत राहिली. उजेड होता, पण उजेडात चेहरा नव्हता. शेवटी तिनं वाती वळून गुळगुळीत झालेली बोटं त्याच्या गालांवर ठेवली आणि एकेक व्रण चाचपला.

"असू दे," ती म्हणाली. "देवानं तर पाहिलं. नवस फिटला."

नवस फिटला, आणि आक्का समाधानानं परतली. शिंपी तिला पुन्हा पुन्हा त्या संध्याकाळच्या आठवणी सांगायला लावी आणि ऐकत राही. पण तिला हवं होतं ते आता कुठल्याच सणाला मिळणार नव्हतं, हे त्याला कळलं होतं.

वेशीवर गावानं दोघांचे पाय धुतले. पुढं काही दिवसांनी एक तरुण कुंभार शिंप्याकडे आला. "काका, बाबांना त्या देवाला न्यायचंय. कुठल्या सणाला नेऊ?"

"बाबांना तिथं काय हवंय?" शिंप्यानं विचारलं.

"ते नाही विचारलं."

"मग माझ्याकडे काय आलास? आधी घरी जा."

कुंभार घरी गेला. शिंप्यानं सुई उजेडात धरली आणि दोरा ओवू लागला. आता ते काम त्यालाच करावं लागे.

म्हणून लक्षात ठेवा: ज्याच्यासाठी जायचं त्याला आधी विचारावं, तिथी मग पाहावी.