सागवानी भिंतीतली धार

त्या मुलखात पाणी एकाच तळ्यात होतं, आणि ते ओझी वाहणाऱ्या जनावरांनीच भरलेलं होतं. उमेदीच्या काळात रोजच्या ओझ्याबरोबर एक पखाल तळ्यात रिती करायची. पाठ थकली की तळ्याच्या सागवानी भिंतीशी जाऊन आपली धार मागायची. मग सुतारपक्षी भिंतीला भोक पाडे. जितकं जड ओझं वाहिलेलं असेल आणि जितकं उशिरा मागाल, तितकं भोक मोठं. पण पडलं ते पडलं. पुढे ते सुताएवढंही वाढत नसे. जोडीतलं एक गेलं की मागे राहिलेल्याला दोहोंतली मोठी धार मिळे, दुसरीत खुंटी बसे. आणि न मागताच कुणी गेलं, तर त्याच्या जन्माच्या पखाली तळ्यालाच.

भुरी गाढवीण आणि तिचा नवरा काळबा, दोघांच्याही पाठी आता सोलवटल्या होत्या. काळबानं हयातभर दगड वाहिले होते, म्हणून मोठी धार त्याचीच व्हायची होती. पण त्याला खोकला लागला होता.

त्यातच बेडूक ओरडू लागले, "तळं आटलं! तळं आटलं!" बेडकांचं हे दर उन्हाळ्याचंच. तरी शेळ्या धावल्या, घोडी धावली, धडधाकट खेचरंसुद्धा धावली, आणि केसासारख्या बारीक धारा पदरात पाडून घेऊन भिंत चाटत बसली.

"भुरे, आपणही जाऊ," काळबा म्हणाला. "मिळेल ते घेऊन मोकळे होऊ."

"एवढी कसली घाई झालीय मोकळं व्हायची?" भुरी फणकारली. "त्या बेडकांनी कधी एक तरी पखाल वाहिलीय? त्यांचं ऐकून आपण जन्माची तहान ठरवायची?"

फणकारली खरी, पण तिलाही कुणाला तरी विचारून घ्यायचं होतं. ती भिंतीशी गेली. तिथली राखण कासवाकडे होती.

"थांबा," कासव म्हणालं. "दोघंही थांबा. घाई कसली?"

"अण्णा, तुमचं काय जातंय सांगायला? माझ्या पणजीलाही तुम्ही हेच सांगितलं असेल."

"सांगितलं होतं," कासव शांतपणे म्हणालं.

भिंतीवर एक चतुर पंख थरथरवत बसला होता. "मावशी, आत्ताच घ्या! दोघंही!"

"आणि उद्या रे?"

"उद्या म्हणजे काय?" चतुरानं विचारलं, आणि त्याला ते खरोखरच ठाऊक नव्हतं.

भुरी परतली ती वाटभर दोघांचं गोत आठवत. तिची आई दात पडल्यावरही चरत होती. आजी आंधळी झाली तरी वाट चुकली नाही. काळबाचा बाप मात्र भर ओझ्यासकट उतारावर बसला तो उठलाच नाही. चुलताही तसाच. मागे कोण राहणार हे उघड होतं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं एकटीनं आपलं भोक पाडून घेतलं. धार गवताच्या काडीएवढी.

"ही दोघांनी प्यायची," तिनं काळबाला बजावलं. "तुम्ही थांबायचं."

"आणि मधेच मी गेलो तर?"

"तर या काडीवर जगेन. तोंड उघडलंयत तर प्या आता."

ओझ्यांनी तिथल्या जनावरांच्या माना ताठरून वरखाली वळेनाशा झालेल्या असत, म्हणून भोक ज्याच्या त्याच्या तोंडाच्या उंचीवर पाडायची रीत होती. भुरी बुटकी, काळबा तिच्याहून चांगला हातभर उंच. तिच्या धारेला तोंड लावायचं तर त्याला पुढचे गुडघे टेकावे लागत. "माझी झाली ना," उठताना तो कण्हत म्हणे, "की राजासारखा ताठ उभा राहून पिईन."

एका काडीवर दोन तहाना. काळबा चार घोट घेऊन पोट भरल्याचं सोंग करी, भुरी ते ओळखून त्याला शिव्या घाली. दोघांच्या बरगड्या वर आल्या. पावसाळे येऊन गेले. सकाळी जाग आली की ती डोळे उघडायच्या आधी कान देई. खोकला ऐकू आला की काळजात चर्र होई. आला नाही की त्याहून वाईट.

आणि एका सकाळी खोकला ऐकू आलाच नाही. डोळे उघडले तर काळबाची जागा रिकामी. भुरी ठेचकाळत उताराकडे धावली. उतारावर कुणी नव्हतं. मग ती भिंतीकडे वळली.

"आणखी एक पावसाळा थांब," कासव सांगत होतं. "याहून मोठी होईल."

"तो पावसाळा तुमचा, अण्णा," काळबा धापा टाकत म्हणाला. "माझा नाही. पाडा."

सुतारपक्षी त्याच्या तोंडासमोर जाऊन बसला.

"खाली," काळबा म्हणाला. "अजून खाली."

चोच चालली, भुसा उडाला, आणि मनगटाएवढी धार फुटून बाहेर कोसळली.

"अहो, उंची चुकली की!" भुरी लांबूनच ओरडली. "तुमचं तोंड कुठं, भोक कुठं!"

ती येऊन उभी राहिली तेव्हा पाणी नेमकं तिच्या ओठांशी पडत होतं. काळबानं सवयीनं पुढचे दोन्ही गुडघे टेकले, तिला जागा सोडली आणि कडेकडेनं प्यायला सुरुवात केली.