येसाक्का आणि न पेटणारं चुलाण

ऐका, पण मधे हुंकार द्या, नाहीतर मी गोष्ट थांबवीन हं. फार फार वर्षांपूर्वी, आपल्या पणजोबांचे पणजोबा रांगत होते तेव्हा, या गावात येसाक्का नावाची सुईण होती. तिच्या हातावर आलेलं पोर आधी हसायचं नि मग रडायचं, असं म्हणतात.

तेव्हा गावात मथुरा नावाची एक सून होती. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण कूस उजवेना. सासूनं, तुळसाबाईनं, तिला सोमवार, मंगळवार, चतुर्थी, सगळे उपास धरायला लावले. पोरगी वाळून काटकी झाली. देव काय उपाशी बायका मोजत बसतो होय? पण सासूला सांगणार कोण! शेवटी तिनं ठरवलं, बाळकूला दुसरी करायची. बाळकू म्हणजे मथुरेचा नवरा. गुऱ्हाळावर रसाच्या काहिलीखाली, चुलाणाला जाळ घालायचा. बायकोवर जीव होता, पण आईपुढं तोंड उघडेना मेल्याचं.

सुपारी फुटायची त्या दिवशी मथुरा रडत रडत माहेरी निघाली. तेवढ्यात येसाक्का दारात उभी.

"तुळसे, गूळ बसला नाही तर नुसत्या काहिलीला बोल लावतीस का गं? रस नको बघायला?"

"म्हंजे खोट माझ्या लेकात हाय?" सासू उसळली.

"खोट कशाला म्हंतीस? कधी बाईचं अडतं, कधी बाप्याचं, कधी दोघांचं. अन् कधी कुणालाच उमगत नाही. ह्यो आगीपुढं बसून शिजलाय, वर तंबाखूचा तोबरा. हिच्या अंगात रगत नाही. वरीसभर ह्याला जाळापास्नं लांब ठेव, हिला पोटभर जेवू घाल. मग फोड तुझी सुपारी."

सासूनं सुपारी परत डब्यात टाकली नि मथुरेला हाताला धरून आत नेलं. पण बाळकूला कुठलं पटतंय! मर्द गडी तो. गेला तडक गुऱ्हाळावर. आणि काय नवल! तो समोर बसला की चुलाण पेटेचना. पाचट पापडासारखं वाळलेलं, तरी नुसता धूर. तो बाजूला झाला की भडका! येसाक्कानं आगीलाच दम भरला होता, असं म्हणतात. गूळ उतरवणारा गुळव्या कावला. "बाबा, हात जोडतो, जा तिकडं, उसाला पाणी पाज!"

बाळकू गेला. तंबाखूही सुटली. इकडं मथुरा दोन वेळा पोटभर जेवू लागली, गालांवर रंग आला. पुढच्या हंगामात तिला कोरड्या ओकाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा तुळसाबाई अंगणातच फतकल मारून रडली. "माझ्या हातनं केवढं पाप होत होतं गं बाई! वाचले मी." सुनेपेक्षा सासूच जास्त सुटली बघा.

आता येसाक्का नाही, पण तिच्या नावाचा पार आहे. मूल होत नसलेलं जोडपं आधी तिथं जातं. ओटी दोघांची भरतात, आणि पहिली बाप्याची, त्याच्या उपरण्यात. मग दोघं मिळून तालुक्याच्या डॉक्टरकडं जातात. बाईला एकटीला कुणी धाडत नाही. सगळ्यांचाच पाळणा हलतो असं नाही. येसाक्काही तसं कधी म्हणाली नव्हती. पण पाळणा न हललेल्या बाईला या गावात हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं जातं, आणि सवतीची सुपारी इथं पुन्हा कधी फुटलेली नाही.