साहेबांचा डोळा लागला

"आजी, सत्तरीच्या बाईला तांडेलाचा परवाना पुन्हा कसा देऊ? उतारू घाबरतील," बंदरावरचे नवे साहेब म्हणाले.

"डोळे तपासून झाले, छाती तपासून झाली. अजून काय दाखवू?" माझी जाऊ दुर्पदी म्हणाली. त्या एका सहीवाचून उतारूंना खाडीपार नेणारी तिची तरीची होडी उद्यापासून धक्क्याला बांधून राहणार होती. मी शेजारीच उभी होते. माझी जीभ शिवशिवत होती, पण भांडण तिचं होतं.

"तपासण्यांचं सोडा. लोकांना भरवसा वाटला पाहिजे. तो मी कशाने मोजू?"

आमच्या खाडीवर त्याचं माप जुनं आहे. तांडेल कच्चा वाटला, तर पलीकडचा काठ लागेपर्यंत होडीत कोणी डोळा मिटत नाही.

दुर्पदीने साहेबांकडे नीट पाहिलं.

"आज सकाळी खाडीच्या तोंडाशी लाटा उसळत होत्या. तेव्हा पुढच्या फळीवर पिशवी उशाला घेऊन घोरत होतात, ते तुम्हीच ना?"

"हो, लागला डोळा. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. त्याचं इथे काय?"

"मागे सुकाणूवर मी होते, साहेब."