चिखल दानात धरत नाहीत

सागाच्या एका रानात एक म्हातारी वानरीण राहत असे. मनाने प्रेमळ, पण नियमाला इतकी पक्की की तिची नातवंडे अंग खाजवायचे तरी आधी तिला विचारत. दर उन्हाळ्यात ती वाटेवरच्या दगडी डोणीत पाणपोई घाली. सगळ्यांनी लांबच्या डोहावरून पाणी आणून डोणीत ओतायचे आणि कोणाही तहानलेल्याने यावे, प्यावे. जो पाणी देई, त्याला पावसाळ्यापुरती शेजारच्या उंबरात एक ढोली मिळे. गेल्या वर्षी कोल्ह्याने पाणपोईला नुसता सल्ला दिला आणि सर्वांत मोठी ढोली पटकावली. तेव्हापासून वानरिणीने ठरवूनच टाकले, दान म्हणजे पाणी. दुसरे काही धरायचे नाही.

मुलांनो, कोल्ह्यापुरता हा नियम अगदी योग्य होता, बरे का! पण रानात काही सगळेच कोल्हे नसतात. वैशाख सरत आला आणि ढोल्या वाटायचा दिवस उजाडला. अस्वल पुढे आले.

"आजी, पाणी वाहायला मी माझा भोपळा दिला होता."

"रिकामा भोपळा दानात धरत नाहीत रे बाबा."

"नका धरू," अस्वल हसून म्हणाले, "नाहीतरी मी ढोलीत मावणार कुठे!"

मग आली कुंभारीण माशी, तीच ती, मातीचे इवलेसे घट करून त्यांत आपली अंडी ठेवणारी. ती म्हणाली, "आजी, डोणीला खालून चीर आहे. रोज सकाळी वारुळाची चिकणमाती आणून मी ती लिंपते. मला अख्खी ढोली नको, एक कोपरा द्या. माझे घट उघड्यावर राहिले तर पावसात विरघळतील, आणि पोरं वाहून जातील."

"पाणी किती दिलंस?"

"पाणी नाही दिलं."

"मग कसं करू, बाळ? चिखल दानात धरत नाहीत."

वानरिणीला वाईट वाटले, पण नियम तिने मोडला नाही. कुंभारीण रागावली नाही. रागवायला तिला वेळ कुठे होता? आडोसा शोधत ती पार टेकडीपलीकडे निघून गेली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी एक गाभण भेकरी धापा टाकत पाणपोईवर आली. डोण कोरडी ठणठणीत! सकाळीच तर सर्वांनी काठोकाठ भरली होती. भेकरीचे पाय लटपटले आणि ती तिथेच बसली. वानरीण घाबरली. पानांच्या द्रोणातून इतक्या लांबून पाणी आणायचे तर अर्धे वाटेतच सांडणार. तिने अस्वलाचा भोपळा उचलला, डोहाकडे धूम ठोकली आणि तुडुंब भरलेला भोपळा भेकरीच्या तोंडाला लावला. भेकरी घटाघटा प्यायली. तिने मान वर केली, तेव्हा कुठे म्हातारीच्या जिवात जीव आला.

मग तिने वाकून डोणीखाली पाहिले. चिरेवर मातीचे पापुद्रे होते, एकावर एक, उन्हाळाभर रोज लिंपलेले. आता ते फुगून गळून पडले होते. म्हातारीला फार फार लाज वाटली. ती स्वतःशीच म्हणाली, "कोल्ह्याचा सल्ला नसता तर कुणाचंच काही अडलं नसतं. कुंभारणीची माती नव्हती, तर आज दोन जीव जाणार होते."

ती तडक टेकडीपलीकडे गेली. कुंभारीण एका तापलेल्या खडकावर घट घडवत होती. त्याला दोनदा तडे गेले होते.

"चुकलं गं माझं," वानरीण म्हणाली. "परत चल."

"पण आजी, ढोल्या तर सगळ्या वाटून झाल्या."

"एक आहे की. माझी."

"अहो, मग तुम्ही कुठे राहाल?"

"तुझ्या शेजारी. कोपराच हवाय ना तुला?"

कुंभारणीने आधी डोणीची चीर लिंपली, आणि मगच उंबरात येऊन वानरिणीच्या उशाशी आपले घट बांधले. त्या पावसाळ्यात म्हातारी रोज एकाच कुशीवर झोपली. कूस बदलली आणि घट फुटला तर? एके सकाळी तिचे आखडलेले अंग पाहून अस्वल ढोलीबाहेरून मोठ्याने ओरडले, "आजी, तुमचं हे अवघडून झोपणं दानात धरायचं का हो?"

वानरिणीने तोंडावर बोट ठेवले. "हळू बोल रे," ती कुजबुजली, "पोरं झोपलीत."

तात्पर्य एवढेच : दिलेले पाणी आहे, भोपळा आहे की हातचे कष्ट, हे पाहत बसू नये, ते नसते तर कोणाचे काय अडले असते, ते पाहावे. ज्याने दुसऱ्याची गरज भागते, ते दानच.