आधी खडा, मग घागर

थांबा, थांबा पाहुणे! घागर तशीच तळ्यात बुडवू नका. आधी एक खडा टाका, तिथं, भिंतीच्या खिंडाराखाली. आमच्या खैरवडीची रीतच आहे ती. हसताय काय? ऐका तर.

ही भिंत बघा. सिमेंटचे ठोकळे, प्रत्येकाला एक भोक, सगळे एकाच साच्यातले. मुंबईच्या तारकरबाईंनी केली असं सांगतात. मोठी शिल्पकार हो! देव नाही, पुतळे नाहीत. अशा जाळीच्या भिंती उभारून ऊन-सावली खेळवायची, यात तिचं नाव. गावच्या पुढाऱ्यांनी तिला बोलावलं, "तळ्याला शोभा आणा" म्हणाले. भोक केवढं ठेवू, तिनं विचारलं. "वारा जावा, घागर जाऊ नये." बाईला गंमत वाटली म्हणे. हसत हसत तिनं तेवढंच ठेवलं.

उद्घाटनाला पेढे, फोटोवाले, सगळा थाट. बाई भिंतीपाशी उभी. तेवढ्यात पलीकडून एका भोकातून हात आला. माझ्या आजेसासूचा, सोनाईचा. "बाई, आमच्या खालच्या आळीला वाट कुठं ठेवली?"

बाई पांढरीफटक पडली. कायद्यानं तळं सगळ्यांना खुलं झालेलं, मग आम्हाला अडवायचं कसं? मेल्यांनी शोभेनं अडवलं! आणि तेही हिच्या हातून.

"अगं आई गं, मी काय करून बसले!" म्हणाली आणि गवंड्याचा घण उचलला. उभ्या जन्मात इतकं देखणं काम तिच्या हातून झालं नव्हतं, असं सांगतात. तेच तिनं स्वतः फोडलं. डोक्यावर घागर घेऊन बाई जाईल एवढं खिंडार पाडलं. पुन्हा कुणी ते बुजवू नये म्हणून ठोकळ्यांचा लोखंडी साचाही तिथंच खाली तळ्यात फेकला.

पुढं एका उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि साचा दिसला. तर पुढाऱ्यांनी तो काढायला गडी उतरवला हो! त्याच जाळीनं खिंडार बुजवायचं होतं त्यांना; साध्या विटांनी बुजवलं तर अडवणूक उघडी पडली असती ना! सोनाईनं काठावरून खडे टाकायला सुरुवात केली. बघता बघता सारी आळी जमली. गडी पळाला आणि साचा खड्यांखाली गेला.

तेव्हापासून ही रीत. आजही वरच्या आळीचा असो की खालच्या, आधी खडा, मग घागर. इतकी वर्षं खडे पडतायत, तरी मागच्या वैशाखात त्या साच्याची एक कड वर दिसली. माझ्या तर अंगावर काटाच आला.

म्हणून म्हणते, हसू नका. चांगला मोठा बघून उचला.